पोलंडची मॅच मी बघणारच

२६ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ७.
प्रेशर १५८. यंत्र बिघडलं आहे.

ही वही डॉक्टरीणबाईंनी प्रेशरचे आकडे लिहायला दिली. आकड्यांना अर्धी ओळ पुरते. बाकीची पानं कोरी टाकायला माझ्या बापाची काही कागदाची गिरणी नव्हती. उरलेल्या जागेत माझं मी लिहिणार. सात यत्ता शिकले आहे, त्यातली सहावी दोनदा, म्हणजे आठ धरायला हरकत नाही. वही कोणी वाचायची नाही.

आज लिहिण्यासारखं आहे. १४ सप्टेंबरला, शनिवारी संध्याकाळी पाचला, डब्लिनमध्ये पोलंड विरुद्ध आयर्लंड. वर्ल्ड कपला कोण जाणार त्याची मॅच. आम्ही राहतो त्या आयर्लंडमधल्या रॉसक्रे गावातली सगळी पोलिश मंडळी हॅनरहॅनच्या पबात बसून बघणार. खिडकीकडची बाजू आपली, बारकडची आयरिश लोकांची. काल रात्री जेवताना मी जाहीर केलं, या वेळी मीसुद्धा येणार. पहिल्या मिनिटापासून शेवटच्या शिट्टीपर्यंत, खुर्चीवर बसून, आपल्या माणसांत.

माझ्या मुलीने, बोझेनाने, चमचा खाली ठेवला. जावई रेमेक सूपमध्ये काहीतरी शोधायला लागला. सूपमध्ये काही पडलेलं नव्हतं, मीच केलं होतं.

चौदा वर्षं झाली मला पोलंडमधल्या कुटनोहून इथे येऊन. चौदा वर्षांत पोलंडची एकही मॅच मला पूर्ण बघू दिलेली नाही. कधी कांदे संपतात, कधी कपडे दोरीवर भिजतात. आता बास.

२८ ऑगस्ट, बुधवार.
प्रेशर १५५.

रेमेकने शेवटी तोंड उघडलं. त्याचं म्हणणं असं, की मी टीव्हीसमोर आले की पोलंडचा घात होतो. म्हणजे मी पांढऱ्या पायाची. तसं म्हणाला नाही, तेवढी छाती नाही. म्हणाला, आई, तुम्हीच यादी बघा ना. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे यादी करून ठेवली आहे मेल्याने. चार वर्षांची, तारखेनुसार. माझ्या गोळ्या संपल्या हे याच्या कधी लक्षात राहत नाही.

जूनमधली नोंद: मी नुसतं दार उघडून विचारलं, सूप गरम करू का. तेवढ्यात गोल. मी म्हटलं, गोल डेन्मार्कच्या त्या लांबुडक्याने मारला, मी पाय लावला होता का बॉलला? म्हणाला, नाही आई, पण तुम्ही बघितलंत.

गेल्या वर्षीची नोंद: पेनल्टी. मी कोबीचे रोल घेऊन आत आले आणि आपला गडी बॉल ढगात मारून मोकळा झाला. कोबीच्या वासाने कोणाचा नेम चुकतो का, तोही दुसऱ्या देशात उभं असताना?

एकूण अकरा नोंदी. अकराच्या अकरा योगायोग.

३१ ऑगस्ट, शनिवार.
प्रेशर घेतलं नाही. रोज रोज घेऊन काय वाढणार आहे.

रेमेक मॅचला जो स्कार्फ घालतो तो सहा वर्षं धुतलेला नाही. धुतला तर नशीब जातं म्हणे. घरात ठेवला तर मांजर जातं, ते चालतं. बोझेना मॅचच्या दिवशी डावा मोजा आधी घालते. माझ्या पोटी ही असली निपजली.

मला अंधश्रद्धेचा तिटकारा आहे. पर्स जमिनीवर ठेवायची नसते, उंबऱ्यावरून हात मिळवायचा नसतो, विसरलेली वस्तू घ्यायला परत आलं तर बसून दहापर्यंत मोजून मग निघायचं असतं. या साध्या रीतीच्या गोष्टी आहेत, कोणीही शहाणा माणूस पाळतो. पण टीव्हीतल्या माणसाला माझी नजर लागते? अडाणी कुठले.

ठराव: या विषयावर घरात एक शब्द बोलायचा नाही. नुसतं जाऊन बसायचं.

१ सप्टेंबर, रविवार.
प्रेशर १६४. बोलले, म्हणून.

पोलिश प्रार्थनेनंतर चर्चच्या आवारात खुर्च्या ठरल्या. खिडकीकडे बावीस माणसं, बावीस खुर्च्या. नावांचा कागद रेमेककडे. मी चष्मा लावून वाचला. माझं नाव नव्हतं. ब्यूटी पार्लरवाल्या हालिनाचा कुत्रा येणार आहे, त्याची चटईसुद्धा लिहिली होती.

मी विचारलं, माझी खुर्ची कुठाय? हालिना म्हणाली, गेनोव्हेफाबाई, पबात दार सारखं उघडतं, गार वारं येतं, तुमच्या गुडघ्यांना सोसायचं नाही. माझ्या गुडघ्यांची एवढी काळजी असती तर प्रसाद घ्यायला जाताना मला कोपराने ढकलून पुढे गेली नसती.

रेमेक दुसरीकडे बघत होता. दुसरीकडे भिंत होती.

४ सप्टेंबर, बुधवार. दुपारी.

शेजारचा मॉसी टूही कुंपणाशी भेटला. म्हातारा, विधुर, डेअरीतून निवृत्त. चौदा वर्षांत माझ्याशी फक्त पावसाबद्दल बोललेला माणूस. आज म्हणाला, मिसेस जी, ऐकलं ते खरं का, तुम्हाला खुर्ची देत नाहीत म्हणे? माझं अख्खं नाव त्याच्या तोंडात मावत नाही. मी म्हटलं, कोण म्हणतं? म्हणाला, तुमचा जावई परसात फोनवर बोलतो, त्या दिवशी मला रेडिओ लावावा लागत नाही.

मग टोपी काढून हातात धरली आणि म्हणाला, तुम्ही आमच्या बाजूला बसा. अगदी टीव्हीखाली. गादीची खुर्ची आहे.

मी नको म्हटलं. इथली रीत अशी, की पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको, तिसऱ्यांदा मान तुकवायची. त्याने दुसऱ्यांदा विचारलं, मी नको म्हटलं, तो पावसाबद्दल बोलायला लागला. मग तिसऱ्यांदा मीच विचारलं, गादी कोणत्या रंगाची आहे.

हिरवी आहे. चालेल.

७ सप्टेंबर, शनिवार.
प्रेशर १४९. पाहुणचाराचा गुण.

मॉसी आणि पबचा मालक फिन्टन हॅनरहॅन, दोघं दारात, सफरचंदाचा टार्ट घेऊन. चौकशी केवढी. मला टीव्ही किती लांबून नीट दिसतो? चष्मा केव्हाचा? नऊ वर्षांचा म्हटल्यावर दोघांचे चेहरे उतरले. मॉसीने लगेच गाडी काढली, चष्म्याच्या दुकानात नेलं. दुकानदाराला म्हणाला, बाईंना बॉल दिसला पाहिजे, स्वच्छ, मैदानाच्या दुसऱ्या टोकाचासुद्धा. चष्मा गुरुवारपर्यंत तयार हवा म्हणून त्याच्याशी वादही घातला.

परत येताना मी स्पष्ट सांगितलं, मी लाल-पांढरा स्कार्फ घालून येणार, आणि पोलंडसाठीच ओरडणार. वाटलं, आता खुर्ची जाते. फिन्टन म्हणाला, घालाच. झेंडा असेल तर तोही आणा. आणि ओरडा ते अगदी पोटातून ओरडा मिसेस जी, अर्धंमुर्धं नको.

याला म्हणतात मन. आमच्यातल्या बावीस जणांना मिळून एवढं नाही.

१० सप्टेंबर, मंगळवार.

रेमेक चहा घेऊन खोलीत आला. स्वतः केलेला. म्हणजे काहीतरी हवं होतं. म्हणाला, आई, ते तुम्हाला का बोलवतात, लक्षात येतंय का? मॉसीला यादी माहीत आहे. पोलंडवर गोल व्हावा म्हणून तुम्ही त्यांना हव्या आहात.

मी म्हटलं, तुझ्या पोटात दुखतंय. चौदा वर्षं जे तुला सुचलं नाही ते परक्या माणसाला सुचलं, म्हणून. म्हणाला, चष्मा का करून दिला मग? मी म्हटलं, कारण मला दिसत नव्हतं, आणि माझ्या घरात ते कोणाला दिसत नव्हतं.

चहात साखर नव्हती. तरी प्यायले, त्याला शिक्षा म्हणून, दोन्ही कप.

१२ सप्टेंबर, गुरुवार.
प्रेशर १६२. चष्मा आला. त्यातून १६२ अगदी ठळक दिसतं.

शिष्टमंडळ आलं होतं. रेमेक, हालिना, आणि मशरूमच्या शेडमधले दोघं, ज्यांची नावं मी लक्षात ठेवत नाही. चीजकेक आणला होता. हालिना म्हणाली, प्रश्न तुमचा-आमचा नाही, चार कोटी लोकांचा आहे. मी म्हटलं, चार कोटींमधल्या एकालाही माझ्यासाठी एक स्टूल सापडलं नाही.

मग रेमेक म्हणाला, बरं, जायचंच असेल तर एक करा. तिथे बसून आयर्लंडला पाठिंबा द्या. मनापासून. म्हणजे उलटं होईल.

मी सोळाव्या वर्षापासून रेल्वेच्या कॅन्टीनमध्ये सूप ढवळलं, मोठमोठ्या साहेबांसमोर पोलंडबद्दल वाकडा शब्द काढला नाही, सुपाबद्दल काढला. आणि हा मला सांगतो, आयर्लंड. दार दाखवलं. चीजकेक ठेवून घेतला. मनुका कमी होत्या.

१३ सप्टेंबर, शुक्रवार.
शुक्रवार आणि तेरा. मला काय त्याचं. मात्र आज घराबाहेर पडले नाही, काम नव्हतं.

बोझेना इस्त्री करता करता बोलून गेली, आई, हे रेमेकने काढलेलं खूळ नाही, बाबासुद्धा तुला पेनल्टीच्या वेळी तळघरात पाठवायचे.

चेस्वाफ. माझा नवरा. मॅच रंगात आली की म्हणायचा, गेन्या, जरा बटाटे घेऊन ये ना खालून. मी उतरायचे. तिसरी पायरी मोडकी. खाली अंधार, बटाट्यांना फुटलेले कोंब, आणि वरून ओरडा ऐकू यायचा. मला वाटायचं, माणूस खादाड आहे. सदतीस वर्षं मी त्याला खादाड समजून जास्तीचं वाढलं. तो खायचा बिचारा. त्यानेच गेला असेल.

डॉक्टर म्हणाले होते हृदय. बटाटे कोणी विचारले नाहीत.

ते असो. उद्या बघायचं. आधी बघणार होते, आता तर बघणारच.

१४ सप्टेंबर, शनिवार. पबातून.

४.४०. वही पर्समध्ये, पर्स मांडीवर. गादी जाड आहे. टीव्ही इतका जवळ, की नव्या चष्म्यातून खेळाडूंच्या दाढीचे खुंट मोजता येतात. आत आले तेव्हा आयरिश बाजूने टाळ्या. खिडकीकडून रेमेकने पाहिलं आणि मान फिरवली. कुत्रा चटईवर बसला आहे.

५.००. राष्ट्रगीत. उभी राहून म्हटलं. तिकडून बावीस जण, इकडून मी एकटी. माझा आवाज जास्त.

५.१२. मॉसी भारी बोलका निघाला. आयर्लंडवाले पुढे सरकले की याच्या गप्पा सुरू. टार्ट आवडला का, कुटनोला बर्फ किती पडतो, मुलगी एकच का. उत्तर द्यायला मला मान वळवावी लागते. आपले लोक पुढे सरकले की हा गप्प, आणि म्हणतो, बघा मिसेस जी, आता बघा.

५.२३. आपला हेडर खांबाला लागला. बारकडच्या तिघांनी माझा हात हातात घेऊन चुंबन घेतलं. बाईच्या हाताचं चुंबन घ्यायची रीत आमच्याकडची. यांना कोणी शिकवली?

५.३१. आपला कॉर्नर. फिन्टनने मला खुर्चीसकट वीतभर पुढे ढकललं.

५.३८. आपला गडी एकटा, समोर फक्त गोलकीपर. मी बघत होते. पाय घसरून बसला खाली. बारवरून कोणीतरी म्हणालं, देव या बाईला शंभर वर्षं देवो.

५.३९. रेमेक खरं बोलत होता.

५.५०. हाफटाइम. शून्य-शून्य. रेमेक इकडे आला, जॅकेट घालून. हळूच म्हणाला, कळलं ना आई? चला, घरी सोडतो, पाच मिनिटांचं काम आहे. मॉसी बुटांकडे बघत म्हणाला, मिसेस जी, चष्मा मात्र तुम्हाला खरंच हवा होता.

मी दोघांनाही म्हटलं, बसा आपापल्या जागी. मी इथून हलत नाही. आता मीच बघायचं, याच नजरेने, आणि पोलंडचा गोल होताना बघायचं. म्हणजे इकडची आणि तिकडची गाढवं एकदमच गप्प होतील.

६.१५. मॉसीने सँडविच पुढे केलं. घेतलं. मान वळवली नाही.

६.२८. आपली फ्री किक. भिंतीला लागली. बघितली.

६.३५. डोळ्यांतून पाणी येतंय. पापणी लववत नाही म्हणून. दुसरं काही नाही.

६.४४. गोल. पोलंड. मी बघत असताना. बॉल त्याच्या पायातून निघाल्यापासून जाळ्यात जाईपर्यंत सबंध बघितला.

६.४६. हे नीट लिहून ठेवायला हवं. बारकडे मयतासारखी शांतता. मी उठले, स्कार्फ सारखा केला आणि खिडकीकडे निघाले, आपल्या माणसांत. रेमेक दोन्ही हात वर करून नाचत होता. मला बघितलं आणि हात तसेच वर राहिले. म्हणाला, आई, उठलात का? अजून सहा-सात मिनिटं आहेत, परत बसा तिथे. हालिना म्हणाली, गेनोव्हेफाबाई, ती खुर्ची आपल्याला लाभलीय, देशासाठी बसा. मी म्हटलं, देशासाठी मी बसून बसून थकले. बोझेना म्हणाली, आई, प्लीज.

वळले. तर फिन्टनने गादीची खुर्ची उचलून बारच्या पलीकडे ठेवलेली. मॉसीने टोपी छातीशी धरली आणि म्हणाला, मिसेस जी, माणसाने आपल्या माणसांतच असावं.

६.४९. पबच्या मधोमध उभी आहे, छत्र्या ठेवायच्या डब्यापाशी. इथून टीव्ही दोन्हीकडून तिरपा दिसतो. दिसतो पण.

६.५१. आयर्लंडचा गोल.

६.५३. शिट्टी. एक-एक.

१५ सप्टेंबर, रविवार.
प्रेशर १७१. यंत्र फेकून द्यायचं आहे.

रेमेक म्हणाला, तुम्ही उठलात म्हणून गोल झाला. मॉसी कुंपणावरून म्हणाला, तुम्ही दहा मिनिटं आधी उठला असतात तर आम्ही जिंकलो असतो. चर्चमध्ये दोन्ही बाजूंचे लोक माझ्याकडे असे बघत होते, की जणू मी मैदानात उतरून पंचाची शिट्टी चोरली.

मी प्रत्येकाला एकच सांगितलं. मी डोळे उघडे ठेवून बघत होते आणि पोलंडने गोल मारला. विषय संपला. प्रत्येकजण म्हणाला, ते खरं आहे, पण. आणि जो तो आपल्या गाडीकडे वळला.

हिशेब असा: मी जिंकले. पहिल्या मिनिटापासून शेवटच्या शिट्टीपर्यंत मॅच बघितली, थोडी उभ्याने. परतीची मॅच वॉर्सामध्ये, १६ नोव्हेंबरला. तीही बघणार. या वेळी स्टूल घरून नेणार.

९ नोव्हेंबर, शनिवार.
प्रेशर १५१.

आज जे झालं ते या गावात पूर्वी झालेलं नाही. रेमेक, हालिना, मॉसी आणि फिन्टन, चौघं एकत्र, एकाच सोफ्यावर. सप्टेंबरपासून ही माणसं दुकानात एकमेकांना रस्ता देत नव्हती. मॉसीने पाकीट पुढे केलं. आत नॉकच्या यात्रेचं तिकीट. चर्चची बस आहे, देवमातेच्या दर्शनाला, जेवणासकट. सकाळी आठला निघणार, संध्याकाळी सातपर्यंत परत. १६ तारखेला.

मी म्हटलं, त्या दिवशी मॅच आहे. हालिना म्हणाली, अरे हो का. मी म्हटलं, तारीख बदला. मॉसी म्हणाला, पाद्रीबाबांनी ठरवलीय. पाद्रीबाबा मॉसीचे मावसभाऊ.

देवमातेला नाही म्हणणं शोभत नाही, म्हणून तिकीट घेतलं. माझ्या आत्म्याची काळजी वाटली त्यांना, चांगलं आहे. पण बोझेनाचा जुना मोबाइल माझ्याकडे आहे, आणि मोबाइलवर मॅच दिसते, हे चौघांपैकी कोणाच्याही डोक्यात आलेलं नाही. मागच्या सीटवर बसून, गुपचूप, सबंध बघणार. बघतेच मला कोण अडवतं.

१६ नोव्हेंबर, शनिवार. घरी आल्यावर.
प्रेशर घेतलं नाही.

नॉकला गर्दी नव्हती. मेणबत्ती लावली. कशासाठी ते लिहायचं नसतं. जेवणात मटण बरं होतं, बटाटे कच्चे.

साडेचारला बस परत निघाली. मागची सीट मिळाली. मोबाइल पर्समधून काढला नाही. चालत्या बसमध्ये डोळ्यांवर ताण पडतो.

साडेपाचला ड्रायव्हरने रेडिओ लावला. पोलंड एक-शून्यने पुढे. बसमधल्या आमच्या चार बाया टाळ्या वाजवायला लागल्या. मी उठले, सीटा धरत धरत पुढे गेले आणि ड्रायव्हरला म्हटलं, बंद कर ते. तो म्हणाला, अहो, तुमचेच लोक जिंकतायत. मी म्हटलं, माझं डोकं दुखतंय. बाया वळून बघायला लागल्या. दुखत होतं थोडंसं.

पावणेसातला बस गावात शिरली. चौकातला सिग्नल लाल होता आणि बस उभी राहिली ती बरोबर हॅनरहॅनच्या पबासमोर. पडदे उघडे. आत सगळे उभे, खिडकीकडचे आणि बारकडचे एकमेकांत मिसळलेले. त्यांच्या डोक्यांवरून टीव्ही दिसत होता, हिरवं मैदान, कोपऱ्यात आकडे. माझ्या बाजूचीच खिडकी. चष्मा नवा, पुसलेला.

मी डोळे मिटून घेतले. बस हलेपर्यंत उघडले नाहीत. पहाटे पाचपासून उठलेली बाई, डोळा लागणारच.